त्याच कुळातली झाडे

काष्टी,
८ एप्रिल १९७३

प्रिय राधाकृष्ण,

तुझ्या सहीचं उत्तर शुक्रवारी शाळेच्या पत्त्यावर आलं. गावाचा अर्ज मी लिहिला होता, हे अक्षरावरून तू ओळखलंच असशील. तरीही वर 'अर्जदार' आणि खाली 'आपला विश्वासू'. सख्ख्या बहिणीचा विश्वासू! पण राग त्याचा नाही. 'रस्ता रुंद करताना काढण्यात येणाऱ्या बाभळींच्या जागी त्याच कुळातील पिवळ्या फुलांची शोभिवंत झाडे लावण्यात येत असल्याने नुकसानीचा प्रश्न उद्भवत नाही', या वाक्याचा आहे. बाकीची भाषा कचेरीची आहे. 'त्याच कुळातील' हे मात्र माझं आहे. मी कॉलेजच्या सुटीत घरी आले की तुला रानभर शेंगा गोळा करायला लावायची आणि शेंग दिसली की कुळ एकच, हे घोकून घ्यायची. त्याच सुटीत बहाव्याची ती काळी, दांडक्यासारखी शेंग फोडून आतला गोडसर गर तू चिंचेसारखा चाटून खाल्लास आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर तांब्या घेऊन धावत राहिलास. आई मला म्हणाली होती, 'पोराला शिकवतीस का मारतीस?'

एवढं करून तू अर्धंच लक्षात ठेवलंस. कुळ एक असलं तरी घराणी वेगळी असतात, हेही मी सांगितलं होतं. तुमचा सोनमोहोर गुलमोहोराच्या, बहाव्याच्या घरातला. कळ्या तपकिरी मखमलीच्या, पाकळ्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या, शेंग तांब्याच्या पत्र्यासारखी चपटी आणि तिच्यात जेमतेम एखाददुसरं बी. देखणं झाड आहे, मी नाही म्हणत नाही. बाभूळ पडली लाजाळूच्या घरातली. तिच्या फुलात पाकळी भिंगाने शोधावी लागते. तो पिवळा गोंडा म्हणजे नुसते पुंकेसर. पण तिची शेंग बघ. दोन बियांमध्ये चिमटा घेतल्यासारखी, मण्यांची माळ जशी, वर राखी लव. आणि ती पिकते नेमकी आत्ता, जमिनीवर गवताची काडी नसते तेव्हा. शेळी ती शेंग खाऊन उन्हाळा काढते. सोनमोहोराच्या शेंगेला ती तोंडसुद्धा लावत नाही.

आमच्याकडे या बाभळींची वाटणी ठरलेली आहे. कागदावर कुठे नाही, पण ओढ्यापासून वेशीपर्यंत कोणतं झाड कोणत्या बाईने आकडीने झोडायचं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि दुसरीच्या झाडाखालची शेंग कुणी उचलत नाही. गेल्या साली पाऊस बुडाला, म्हणून यंदा तर हाच चारा. तुमच्या छावणीत गाईबैलांना घेतात, शेरडांना दारातून परत पाठवतात. गोजरबाई तुमच्याच रस्त्याच्या दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडते, दुपारच्या सुटीत पदरभर शेंगा पाडते आणि संध्याकाळी कामावर खायला मिळालेला सुकडीचा पुडा आणि शेंगा घेऊन घरी जाते. तिच्या नातीला दूध मिळतं ते त्या दोन शेळ्यांचं. नातीची आई बाळंतपणात गेली, हे तुला ठाऊक आहे. पाडव्याला येईन म्हणालास तेव्हा त्या नातीसाठी दुधाची पावडर आणणार होतास. आला नाहीस.

ओढ्यापलीकडच्या बाभळी गेल्या महिन्यात पडल्या. तिथे सोनमोहोराची रोपं लागली, आणि जनावरांनी खाऊ नयेत म्हणून त्यांना कुंपण केलं ते त्याच तोडलेल्या बाभळींच्या काट्यांचं. मी जाऊन पाहिलं. वाळलेल्या फांद्यांवर शेंगा तशाच लटकत होत्या आणि शेरडं बाहेरून मान घालून काट्यांत तोंडं फाडून घेत होती. टँकर येऊन रोपांना पाणी घालून गेला. गोजरबाई म्हणाली, 'बाई, तुमच्या भावाला म्हनावं, शेरडं फुलं हुंगून दूध देत न्हाईत. अन् झाडाला टँकर, आमी हंडा घिऊन रांगंत. आमालाबी लावा की रस्त्याच्या कडंला!' सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि नंतर फार वाईट वाटलं.

रस्त्याची दुसरी बाजू नुसता मुरूम आहे, तिकडे एक झाड नाही. रस्ता तिकडे वाढवा, एवढंच अर्जात मागितलं होतं. नगरला येऊन तुझ्या कचेरीच्या बाकावर दिवसभर बसले. शिपाई येऊन सांगे, साहेब साइटवर. खिडकीतून तुझी जीप दिसत होती, राधाकृष्ण.

हे सगळं मी डायरीत लिहिते आणि मग स्वतःचीच उलटतपासणी घेते. मला महिन्याचा पगार आहे, माझ्या दारात शेळी नाही. मग हा कळवळा खरा किती, आणि धाकट्या भावाने दाराबाहेर बसवलं याचा अपमान किती? दोन्ही आहे. अपमान आहे म्हणून बाभूळ काही सोनमोहोर होत नाही, इथवर येऊन मी थांबते.

काल बाजारात शेंगांचीच चर्चा होती. एकीने मला अर्जाचं काय झालं विचारलं, तर गोजरबाईबरोबर खडी फोडणारी रंगुबाई तिला म्हणाली, 'त्यांना कशाला इचारती? भाऊ हाय त्यो त्यांचा. बाई अर्ज लिवतील, त्यो उत्तर लिवंल. झालं दोघांचं!'

गुरुवारी तुमची कुऱ्हाडीची टोळी ओढ्याअलीकडे येणार, असं मुकादम सांगून गेला. गोजरबाई आणि बाकीच्या बायका सकाळपासून आपापल्या झाडाखाली बसणार आहेत. मीही बसणार म्हटलं, पण माझं झाड कुठलंच नव्हतं. रंगुबाईने तिच्या झाडाखाली मला जागा दिली आहे. हेडमास्तरांनी नोकरीची आठवण करून दिली, ती मी ऐकून घेतली. तुला हे मुकादमाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. मनधरणी करत नाही, अर्जही करत नाही. फक्त मला तिथून उठवायचं असेल तर फौजदाराला पाठवू नकोस. तू स्वतः ये, आणि मला हाताला धरून उठव.

तुझीच,
अक्का