अर्ध्या बाह्यांचा शर्ट

प्रिय छकुले,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन घेतलास की दादा शेजारी येऊन कान देतो आणि मध्येच "विचार त्याला, जेवला का" म्हणून ओरडतो, जणू माझ्या जेवणाच्या काळजीने त्याची झोप उडालीय. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. आधीच्या दोन प्रतींत खाडाखोड झाली, त्या फाडून टाकल्या. ही तिसरी.

सुट्ट्या लागल्यापासून स्टुडिओत पाय ठेवायला जागा नाही. डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस आले की लोकांना एकदम आठवतं, की आपल्याला कुटुंब आहे आणि ते सुखी आहे. वर्षभर ज्यांनी एकमेकांकडे धड पाहिलेलं नसतं ते नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर स्वतःचा फोटो छापून घ्यायला येतात. परवा सहा जणांचं एक कुटुंब आलं, सगळे एकाच निळ्या रंगाच्या स्वेटरमध्ये. स्वेटरांची लेबलं आतल्या बाजूला दुमडून टाचणीने टाचलेली होती. फोटो झाला की दुकानात परत करायचे होते, असं त्यांच्या लहान मुलीनेच मला सांगितलं. नवराबायको तासभर एकमेकांशी बोलले नाहीत. तो मुलीला म्हणायचा, "आईला सांग, थोडं सरक." ती म्हणायची, "बाबांना सांग, पोट आत घ्या." मी म्हटलं, हसा. सहाच्या सहा जण हसले आणि फ्लॅश पडताच सहाच्या सहा जण थांबले. खटका दाबल्यासारखे.

मग मी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून त्यांना माणसांत आणतो. डोळ्यांखालची वर्तुळं पुसतो, हनुवट्या कमी करतो, टकलावर केस पेरतो. कुणी लाजत नाही. एक बाई तर गेल्या वर्षीचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यातून माझ्या जावेला काढा. पण तिचा हात राहू दे, तो माझ्या मुलाच्या खांद्यावर आहे, काढला तर खांदा बिघडेल." मी म्हटलं, "हात कुणाचा आहे असं विचारलं कुणी तर?" त्या म्हणाल्या, "एवढं बघतं कोण?" आता बारा महिने त्यांच्या भिंतीवर त्या मुलाच्या खांद्यावर एक हात राहणार, मागे माणूस नसलेला. काम मात्र चोख झालंय. तीन वेळा मोठं करून तपासलं.

मालक सहकुटुंब थंड हवेच्या ठिकाणी गेलेत. जाताना किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाले, "एकतीस तारखेपर्यंत उघडं ठेव. तुला कुठे जायचंय?" तो प्रश्न नव्हता. रोज शटर ओढल्यावर कुलूप दोनदा हिसडून पाहतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येऊन तिसऱ्यांदा हिसडतो. रस्त्यावर दिव्यांच्या माळा सोडल्यात. त्यातली एक निम्मीच पेटते आणि ती कुणालाच दिसत नाही. सगळे तिच्याखाली उभे राहून फोटो काढून घेतात.

आता मुद्द्यावर येतो. सोमवारी दादाने स्टुडिओच्या नंबरवर फोटो पाठवला. माझ्या नंबरवर नाही, स्टुडिओच्या. गिऱ्हाइकासारखं लिहिलं होतं, की मोठा करून, चांगली फ्रेम लावून पाठवणे, आईच्या खोलीत लावायचा आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारचा आपला नेहमीचा फोटो. व्हरांडा, दोन खुर्च्या, आई आणि दादा बसलेले, तू आणि वहिनी मागे उभ्या. आणि दादाच्या खुर्चीमागे मी.

छकुले, ते काम तुझं आहे हे मी लगेच ओळखलं. तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत केलं असशील. इतकं वाईट काम मी चार वर्षांत पाहिलेलं नाही. मी मे महिन्यात स्टुडिओच्या पायरीवर बसून तुला पाठवलेला फोटो कापून तू मला तिथे उभं केलंस. तुम्हा सगळ्यांवर ऊन डावीकडून, माझ्यावर उजवीकडून. तुम्ही सगळे गळ्यापर्यंत स्वेटरमध्ये, आईच्या डोक्याला रुमाल बांधलेला, आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घाम पुसल्यासारखा चेहरा करून. कानाच्या कडेला मागच्या पायरीचा तुकडा राहिलाय. आणि डोकं दादाच्या डोक्याहून मोठं. तेवढं एक बरं केलंस.

मला राग आला तो कामाचा नाही, हे तुला कळलं असेलच. सोळा वर्षांचा असल्यापासून मी दर डिसेंबरला त्या व्हरांड्यात होतो आणि एकाही फोटोत नाही. "तू काढ रे, तुझंच काम ते." दादाचं हे वाक्य मी इतकं ऐकलंय, की खुर्च्या मांडल्या की आपोआप पायऱ्या उतरून अंगणात जायचो. मी होतो तेव्हा फोटोत नव्हतो. आता मी नाही, तर चिकटवलंत.

तीन वर्षांपूर्वी वहिनीच्या माहेरचे सगळे आले होते, आठवत असेल. दादाने माझी ओळख करून दिली. "हा आमचा धाकटा. नववीनंतर जमलं नाही त्याला, पण चौकटी झकास ठोकतो." सगळे हसले. वहिनीच्या वडिलांनी तर चष्मा काढून पुसला. तू ताटाकडे पाहत होतीस. मग तोच दादा हात चोळत उठला, "चला, ऊन आहे तोवर काढून टाक." आणि मी काढला. किळस मला त्याची येते. दादाची नव्हे, माझी. सगळ्यांच्या कॉलर सरळ केल्या, वहिनीच्या वडिलांना अर्धं पाऊल पुढे घेतलं, दादाचं पोट खुर्चीच्या हाताआड दडवलं. आजवरचा सगळ्यात चांगला फोटो तो. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो आणि तेव्हापासून दर डिसेंबरला स्टुडिओत फार गर्दी असते, असं कळवतो. गर्दी असते हे खरं आहे. पण मालकांकडे मी आजवर एकदाही सुट्टी मागितलेली नाही.

दादाला फोन केला, की हा काय प्रकार आहे. त्याचं उत्तर, "अगदी तुझ्यासारखाच दिसतोयस, काय बिघडलं?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, की आईला हल्ली कालचं आज आठवत नाही. गेली दोन वर्षं तिने विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, तो फोटो काढतोय म्हणून दिसत नाही. ते तिला पटायचं, कारण आधी तसंच असायचं. या वर्षी मात्र फोटो हातात धरून ती म्हणाली, "मग त्याला सांगा ना कुणीतरी, कॅमेरा खाली ठेव आणि ये." रोज तेच म्हणायला लागली. म्हणून तुम्ही मला आणलंत. कात्रीने.

दादाला म्हटलं, दोन दिवसांत करून पाठवतो. आणि बसलो. आधी मला उलटं फिरवलं, म्हणजे ऊन डावीकडून झालं, पण भांग दुसऱ्या बाजूला गेला. आईला काहीही आठवत नसलं तरी तिने पाडलेला भांग तिला कळेल. परत फिरवलं, सावली हाताने रंगवली. डोकं लहान केलं. दादाच्या स्वेटरची बाही उचलून माझ्या दंडावर चढवली, रंग जरा गडद केला. बुधवारी संध्याकाळपर्यंत असा फोटो झाला, की कुठल्याही गिऱ्हाइकाने खूश होऊन नेला असता. मी मोठं करून पाहिलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाहताना जाऊबाईंचा हात आठवला आणि उठून तोंड धुतलं. इतके दिवस मी लोकांना मनात शिव्या घालतोय, आणि तेच सगळं मी आईला फ्रेम करून पाठवणार होतो, वर काच लावून.

गुरुवारी तुझं पार्सल आलं. वर तुझी चिठ्ठी, दोनच ओळींची. "आई म्हणते, सगळ्यांनी घातलाय, हाच एकटा उघड्या हातांनी उभा आहे, याला थंडी वाजत असेल. ट्रंकेतून तिनेच शोधून काढला." आत माझा नववीतला स्वेटर. तपकिरी, कोपरावर तिने रफू केलेला. मी शटर अर्धं ओढलं आणि घातला. मनगटाच्या वर चार बोटं संपतो आणि काखेत रुततो. तुमच्या त्या भिकार फोटोवर जगात एका माणसाचा विश्वास बसला, आणि तिने त्यात पाहिलं काय, तर माझे हात.

तर मी येतोय, हे सांगायला पत्र लिहिलं. एकतीस तारखेला सकाळी नऊपर्यंत पोचेन. स्टुडिओ बंद राहील अशी पाटी लिहून ठेवलीय, मालकांना काय बोलायचं ते बोलू देत. दादाला मी माफ केलेलं नाही, गैरसमज नको, आणि त्याला आधी काही सांगू नकोस, नाहीतर स्टेशनवर येऊन चारचौघांत पाठीवर थाप मारेल. व्हरांड्यात ऊन अकरापर्यंत डावीकडून असतं, तेव्हा दहाला खुर्च्या मांड. दादाच्या नको, आईच्या खुर्चीमागे दीड खांद्याची जागा सोड. कॅमेऱ्याची तिपाई आणतोय. बटण दाबल्यावर कॅमेरा दहा सेकंद थांबतो, आणि पायरी चढून जागेवर यायला मला सात लागतात, इथे मोजून पाहिलंय. दादा "तू काढ रे" म्हणाला तर म्हणू दे. फक्त आईला मी येणार आहे असं सांगू नकोस. तिच्या लेखी मी आलेलोच आहे. विचारलं तर सांग, आत स्वेटर घालायला गेलाय.

तुझाच,
भाऊ