पाय भारी झाला तो माझा

धाड, शुक्रवार

देऊळघाट मुक्कामी आमचे वडील मेहुणे श्री. भागवतराव यांच्या चरणी उकंडरावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. शिवाय चरण या विषयावर सध्या माझं डोकं फिरलेलं आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा दमा, जयमालावहिनींची साखर आणि नवीन म्हैस, तिघांची खुशाली मनापासून विचारली असं समजावं.

खुबा बदलायला काय पडलं, असं तुम्ही मागे विचारलं होतं. दवाखान्याचं बिल सोडा, ते साऱ्या धाडला पाठ आहे. खरा हिशेब असा. जन्मभराची मांडी गेली, आता पंगतीत पाटावर बसणं नाही. दुकानातलं ठेंगणं स्टूल गेलं, ज्याच्यावर बसून मी अर्ध्या तालुक्याच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. उजवी चप्पल गेली, कारण सुजलेला पाय तिच्यात शिरत नाही, आणि एकटी डावी घालून कुठे जाता येत नाही. घरातल्या सगळ्या उशा माझ्या पायाखाली गेल्या. आणि आता आमच्या अनुपमाचं सुलतानपूरचं स्थळ जायच्या मार्गावर आहे. हे शेवटचं कलम त्या बिलात नव्हतं. त्याच्यासाठीच हे पत्र.

ऑपरेशन झकास झालं, त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टर आपल्याच धंद्यातला माणूस. जुनं बेरिंग काढलं, नवीन ठोकून बसवलं. पण मी मोटार दुरुस्त करून दिली की ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फुगत नाही. हा पाय फुगला. मांडीपासून घोट्यापर्यंत नुसता दुधी भोपळा. विचारलं तर म्हणाले, सूज राहते काही आठवडे, पाय छातीपेक्षा उंच ठेवा, पंजा वरखाली हलवत राहा, लंगोटासारखा घट्ट मोजा दिलाय तो घाला, आणि पोटरी लाल होऊन ठणकायला लागली तर मात्र ताबडतोब या. ठीक आहे. समजलं. पण पाय उंच ठेवायचा म्हणजे कुठल्या दिशेला ठेवायचा, हे कोणी सांगितलं नाही, आणि इथूनच माझ्या संतापाला सुरुवात झाली.

तुमच्या बहिणीनं पलंग बैठकीत टाकला. पाय दक्षिणेकडे करायचे नाहीत, तिकडे फक्त मेलेल्याचे करतात. पूर्वेला देवघर. पश्चिमेच्या भिंतीवर आमच्या वडिलांचा फोटो. उरली उत्तर, आणि उत्तरेला घराचं दार. म्हणजे आता जो कोणी मले भेटायले दारातून आत येतो, त्याचं स्वागत आधी माझा पाय करतो, चार उशांवर चढलेला, थेट तोंडासमोर. मग रुक्मिणी स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, पाय खाली घ्या, मोठं माणूस आलं!" मी पाय खाली घेतो. माणूस चहा पितो, आपल्या साडूच्या ऑपरेशनची गोष्ट सांगतो (साडू मेलेला असतो), आणि तासाभरानं उठतो. तोवर पायात पुन्हा पाणी उतरलेलं. मग अनुपमा दुकानातून (ती औषधाच्या दुकानात बसते, तुम्हाला माहीत आहे) येऊन माझ्यावर ओरडते, "बाबा, पाय खाली काऊन सोडला?" आई म्हणते खाली, पोरगी म्हणते वर. लाइट येते-जाते तेव्हा मोटारीचं होतं ते माझं झालं आहे.

त्यात औषधं सांगणारे. शेजारच्या तानुबाई एरंडाची पानं घेऊन आल्या, गरम करून बांधायला. एकानं तुरटीचा लेप सांगितला. एक जण तेलाची बाटली घेऊन मालिशच करायला बसला होता. अनुपमानं त्याला बाटलीसकट बाहेर काढलं. सुजलेला पाय चोळायचा नसतो, आत रक्ताची गुठळी असली तर ती सरकते, असं तिचं म्हणणं. तो बिचारा दारातून म्हणतो कसा, "शिकलेल्या पोरी लय बोलतात बापा." मी म्हटलं, "बोलते म्हणून तर बाप जिता आहे बे!" (रागात मी बरोबर बोलतो, हे तुम्ही जाणता.)

आता मुद्द्यावर येतो. सुलतानपूरच्या ऋत्विकचं स्थळ तुम्हीच आणलं. मुलगा चांगला, पोरीला पसंत, पोरगी त्यांना पसंत. राहिली होती साक्षगंधाची तारीख, आणि ती मुलाची आजी गोजरबाई देणार होत्या, कारण त्या घरात पावसालाही त्यांना विचारून यावं लागतं. आपण सगळे तारखेची वाट पाहत होतो. आणि अशा नाजूक वेळी तुमच्या बहिणीनं घात केला.

भागवतराव, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. हातात पाना घेऊन उपाशीपोटी धंदा सुरू केला, तो या कानांच्या जोरावर. एस.टी.त बसून जाताना शेतातल्या मोटारीचं बेरिंग जातंय की बुश, हे मी खिडकीतून सांगतो. पाणबुडी मोटार विहिरीत किती खोल आहे ते मी आवाजावरून सांगितलेलं आहे. तर असा मी, पलंगावर, पाय उत्तरेला. आत स्वयंपाकघरात रुक्मिणी मोबाइलवर, पलीकडे सुलतानपूर, दुसरं कोण असणार. आणि मी या कानांनी शब्द न् शब्द ऐकला. म्हणत होती, "हाव बाई, तारीख कळली की सांगते. पण इकडं पाय लय भारी झालाय न. कोणाले सांगितलं नाही आम्ही अजून. साक्षगंधाच्या आंधी मोकळं झालं म्हंजे बरं."

वाचलंत? पुन्हा वाचा. आता हेच वाक्य सुलतानपूरच्या कानांनी ऐका. लग्नाची पोरगी असलेल्या घरातून फोन जातो की पाय भारी झाला आहे, कोणाला सांगितलेलं नाही, आणि साक्षगंधाच्या आधी मोकळं व्हायची वाट पाहत आहोत! अहो, सुजलेल्या पायाला सूज म्हणावं, ठणक म्हणावं, भोपळा म्हणावं. भारी म्हणायची काय गरज होती? मी तिथल्या तिथे ओरडलो. ती बाहेर येऊन म्हणते, "मंग हलका हाये का तो? मीच उचलून उशीवर ठेवते न रोज!"

मी व्यवहारी माणूस आहे. बिघाड झाला की ताबडतोब दुरुस्त करावा, गिऱ्हाइकाला कळायच्या आत. रुक्मिणी अंगणात गेल्याबरोबर मी स्वतः सुलतानपूरला फोन लावला. गोजरबाईंनीच उचलला. मी एकदम स्वच्छ खुलासा केला, "आजी, आमच्या घरी पाय भारी झाला आहे तो माझा. पोरीचा नाही. पोरगी एकदम ठणठणीत आहे, तिचा पाय अजिबात भारी नाही."

मग म्हणाल्या, "पोरीचा भारी हाये म्हून कोन म्हनलं बापा?"

मी म्हटलं, "कोणीच नाही म्हटलं. म्हणूनच सांगतो."

फोन बंद. याहून स्पष्ट माणसानं काय बोलावं, तुम्हीच सांगा. तरी त्या दिवसापासून सुलतानपूर गप्प आहे. तारीख नाही, फोन नाही. उलट तानुबाईंची सुलतानपूरची भाची तिकडून विचारते, की अनुपमाची तब्येत कशी आहे, तिला आंबट चालतं का. आंबट! पोरीनं हे ऐकलं, माझा मोजा चढवून दुकानात गेली. तिचा तो चेहरा पाहिल्यापासून मले पायाची ठणक जाणवून नाही राह्यली, इतका संताप आला आहे. सुजेवर, उशांवर, दारावर, आंबटावर आणि सगळ्यात जास्त तुमच्या बहिणीवर. एक शब्द धड वापरता येत नाही माणसाला! तुम्ही वडील भाऊ आहात, तिला चार शब्द सुनावा. मी सुनावले असते, पण जेवण पलंगावर तिच्या हातून येतं.

कळावे. लोभ आहे तो सुजेसारखा राहू द्यावा, उतरू देऊ नये.

आपला,
उकंडराव

ता.क. मुख्य काम लिहायचं राहिलं. पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवतो, सोबत माझ्या खुब्याचा एक्स-रे देत आहे. तो घेऊन तुम्ही उद्याच सुलतानपूरला जा आणि गोजरबाईंना उजेडात धरून दाखवा. त्यात लोखंडाचा गोळा स्पष्ट दिसतो आणि कोपऱ्यात माझं नाव आहे. म्हणावं, भारी आहे तो हा. पोरीविषयी तुम्ही काहीएक बोलू नका. या विषयावर बोललं की काय होतं ते वर आलंच आहे.

ता.क. २ (शनिवार). एक्स-रे नेऊ नका. काल संध्याकाळी निरोप आला, गोजरबाई रविवारी स्वतः येत आहेत, "कोनाचा पाय भारी हाये ते डोयानं पाहतो" म्हणून. येऊ द्या. दारातून आत शिरताच पुरावा समोर आहे, पलंगाची दिशा पहिल्यांदाच कामाला आली. फक्त सूज रविवारपर्यंत टिकली पाहिजे, म्हणून मी लगेच पाय खाली सोडून बसलो. अनुपमानं पाहिलं. म्हणाली, "बाबा, माझं लग्न राहिलं तरी चालंल, पाय वर." आणि स्वतः उचलून उशांवर ठेवला, दारही लावून घेतलं, भेटणारे बंद. भागवतराव, आज सकाळी उजवी चप्पल पायात गेली. जन्मात पहिल्यांदा चप्पल बसली म्हणून रडू आलं. तुम्ही रविवारी सकाळीच या, आणि येताना वहिनींना आणा. बायकांचं बायका सांभाळतील.

ता.क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी रुक्मिणीनं पत्र वाचलं. ती म्हणते, तिनं सुलतानपूरला आजवर एकदाही फोन केलेला नाही, तिच्या मोबाइलात त्यांचा नंबरच नाही. मी पाहिला. नाही. त्या दिवशी फोनवर जयमालावहिनी होत्या.