तीनदा सांधलेलं पान

प्रिय मावशी,

फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला मला गप्प केलं असतंस आणि माझं सगळं अवसान गळालं असतं, म्हणून सरळ लिहायला बसले. आई बरी आहे. गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे, पण आता ती जिना चढताना मोठ्याने कुरकुरते, म्हणजे अंगात दम आहे असं डॉक्टर म्हणतात. परवा ग्रंथालयाच्या तळघरात, तुझ्या पोथ्या-पुस्तकांच्या दुरुस्तीच्या खोलीत डोकावले. टेबल तिथेच आहे, खळीच्या डागांसकट. तुझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, कामसूही आहे. पण जुनं पान उचलताना तू जशी मध्येच बोलायची थांबायचीस, तशी ती थांबत नाही. शिकेल हळूहळू.

तुला आठवतं, मी प्रबंधासाठी हा विषय घेतला तेव्हा घरात काय हसं झालं होतं? मध्ययुगातल्या अरबी लोककथा, आणि पाश्चात्त्यांनी त्या आपल्या भाषांत नेताना काय उचललं, काय गाळलं. मामाने तर जिन आणि राक्षसांवर पोट कसं भरणार हे कागद-पेन्सिल घेऊन विचारलं. तू तेवढी एकटी गंभीरपणे म्हणालीस, गाळलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं गं? मी तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर फेकलं आणि तू मला पंडितीणबाई ही पदवी बहाल केलीस. खरं सांगते, माझ्या मार्गदर्शकांना तो प्रश्न चार वर्षांत एकदाही सुचला नाही.

मग त्याच कथांची एक जुनी अरबी पोथी तुझ्याकडे दुरुस्तीला आली. मी तिचे फोटो संगणकावर घेऊन वाचत होते, आणि अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून एकेका पानावरचे डाग मोठ्या कौतुकाने पुसून टाकत होते. त्यात जिनाची एक कथा आहे, पाश्चात्त्यांनी डोक्यावर घेतलेली, सोनेरी चित्रांसकट पुन्हा पुन्हा छापलेली. आणि एक रंगारणीची आहे. नवरा परागंदा झालेला असताना बाईने दुकान चालवावं की नाही, यावर काझी चार दिवस खल करतो आणि तेवढ्या चार दिवसांत ही बाई गावभरचं कापड रंगवून मोकळी होते. जादू नाही, खजिना नाही. एका भाषांतरकाराने प्रस्तावनेत तिला रटाळ म्हणून बाजूला सारलं होतं, आणि मीही त्याचीच री ओढून प्रबंधात तिला दीड ओळीत उरकलं होतं.

त्या दुपारी मी चहा प्यायला म्हणून तुझ्याकडे आले. तू मला हात धुवायला लावलेस, कोरडे करायला लावलेस, आणि पोथी उघडून दाखवलीस. जिनाच्या कथेची पानं जवळजवळ कोरी करकरीत होती. रंगारणीच्या पानांचे खालचे कोपरे अंगठ्यांनी काळवंडून गेलेले. एका पानाला तीन ठिगळं होती, तिन्हींचा कागद वेगळा, खळ वेगळी, हातही वेगळा. तुला अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, "हे पान तीन वेगवेगळ्या माणसांनी सांधलंय. न आवडणारी गोष्ट कोण सांधत बसतं?" मी डाग पुसून वाचत होते आणि तू डागच वाचत होतीस. मला इतका आनंद झाला की चहा राहूनच गेला.

त्यानंतर आठवडाभर तू मला एकेक पान उजेडासमोर धरायला शिकवलंस. पान धुळीने मळलं की बोटांनी, ठिगळ आधीचं की नंतरचं, हे ओळखायला शिकवलंस. परदेशी पंडितांनी काय वाचलं हे मला ठाऊक होतं. ज्यांच्या त्या गोष्टी होत्या, त्यांनी काय वाचलं, हे तुझ्यामुळे कळलं. माझ्यापेक्षा मोठमोठे अभ्यासक त्या पोथीवर काम करून गेले होते. कोणाच्याही डोळ्यांना जे दिसलं नाही ते तुला खळ ढवळता ढवळता दिसलं. तुझा मला किती अभिमान वाटला, हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

सांगितलं नाही, कारण मग परिषद आली. मी व्यासपीठावर उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या लक्षात आलं की..." मावशी, मी आधी तुझं नाव लिहिलं होतं. आदल्या दिवशी खोडलं. ग्रंथालयातल्या दुरुस्तीवाल्या बाईने दाखवलं असं म्हटलं तर लोक शोधाला हलकं समजतील, असं मी स्वतःला पटवलं. तू तिसऱ्या रांगेत ठेवणीतली साडी नेसून बसली होतीस. सगळ्यांत आधी टाळ्या तू वाजवल्यास. घरी जाताना माझी बॅग धरलीस आणि छान बोललीस म्हणालीस. त्याच व्याख्यानावर मला विद्यापीठातली ही नोकरी मिळाली. तेव्हापासून दोन वर्षं आपण फक्त तब्येतीचं बोलतो, आणि त्यात चूक सगळी माझी आहे.

आता त्या संशोधनाचं पुस्तक छापायला जातंय. मुखपृष्ठावर मी दोन नावं घातली आहेत, तुझं आणि माझं. प्रकाशनातल्या बाई म्हणाल्या, आभाराच्या पानावर दोन ओळी पुरतील की. मी नाही म्हटलं. विभागप्रमुखांनी दार लावून विचारलं की मग तुझी नेमणूक ज्या शोधावर झाली त्याचं काय, आणि याने नोकरीवर गदा येऊ शकते हे तुला कळतंय का. कळतंय. म्हणून निवड समितीला सगळं खरं लिहून, सही करून, आज सकाळीच पाठवलं. आता ते परत घेता येणार नाही, आणि तुला मला समजावताही येणार नाही. फक्त एकच गोष्ट माझ्या हातात नाही. तू माहेरचं नाव लावतेस की सासरचं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. मुखपृष्ठावर कोणतं छापायचं, ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझीच,
पंडितीणबाई