ट्रकवालीच्या कपातला घोट

धाकटे, तुला आणि पोरांना पोटभर आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. खोली उबदार आहे, गुडघाही फार कुरकुरत नाही. इथल्या निवासी वर्गात स्पॅनिश जमतंय. सुनेला मध्ये न घालता तिच्या आईशी, आमच्या स्पॅनिश विहीणबाईंशी, दोन शब्द बोलेन असं वाटतंय.

मैत्रीणही मिळाली, पण तिथेच घोडं अडलं. वर्गात शेजारी एक ट्रकवाली बसते. जन्मभर ट्रक चालवला, आता निवृत्त आहे. मनाने सोनं, पण शी गं! अर्धं चावलेलं सफरचंद "घे, गोड आहे" म्हणून पुढे करते. परवा तिने स्वतःच्या कपातली कॉफी दिली. मी तिच्यादेखत पदराने कपाची कड खसाखसा पुसली.

"मला काय रोग झालाय?" एवढंच म्हणाली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली. दोन दिवस मला बोलायला कुणी नाही.

विहीणबाईंकडे सगळे एकाच ताटलीतून खातात म्हणे. तिथेही माझा पदर निघाला तर सुनेला काय वाटेल?

म्हणून आज मीच गेले आणि तिचा कप उचलला. कडेला लिपस्टिक, आत गार कॉफी, वर पावाचा भिजका तुकडा. डोळे मिटून घोट गिळला. ट्रकवालीने मिठी मारून वर्गभर ओरडून सांगितलं, "हिने माझ्या कपातली कॉफी प्यायली!"

आता सगळा वर्गच आपापलं उष्टं माझ्यापुढे धरतो. शी, शी, शी!

तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? आणि आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, नाहीतर आल्यावर उंबऱ्याबाहेरच चुळा भरायला लावेल.

अजून तोंड धूत असलेली,
तुझी अक्का