पायाळू वन्सना

कोल्हापूर, १९९८

वन्स,

पायांना नमस्कार लिहायची रीत हाय, पण तुमच्या पायांचं नाव काढलं तरी माझ्या कमरेतनं टाचेपर्यंत कळ जाते.

कळशी उचलताना कमरेत चमक भरली, तर तुम्ही मला उंबऱ्यावर पालथं पाडलंत. 'मी पायाकडनं जन्मलेली, पायाळू! माझी लाथ लागली की चमक पळती,' म्हणालात आणि घातलीत की जीव खाऊन.

डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांच्या मधे गादी असते आणि तिच्या पोटात जेलीसारखा गर. दिवसभर वजनानं तो दबतो, रात्री आडवं झालं की पाणी ओढून पुन्हा फुगतो. लाथेनं माझी गादी फाटली, गर बाहेर येऊन शिरेवर बसलाय. तुम्ही मात्र गावभर सांगताय, 'नीलम्मा सोंग करती.'

काल हुपरीहून तुमचा निरोप आला. आता तुमची कंबर धरलीय. माझी बहीण विद्याश्री पायाळू, तर तिला पाठव म्हणून.

हे पत्र टाकलं तर तुम्ही शहाण्या व्हाल, म्हणून टाकत न्हाय. विद्याश्रीला मात्र उद्याच्या एस्टीनं पाठवते. तिला सांगून ठेवलंय, वन्सना हलक्या लाथेचा गुण येत न्हाय.

तुमचीच भावजय,
नीलम्मा