उकंडा ठहराव

प्रिय दीपा,

तुझा मेसेज शेजारच्या मोनालीने वाचून दाखवला. पुरस्कार हुकला म्हणून गाणंच सोडते म्हणतेस. कोणासाठी गं? त्या परीक्षकांसाठी? जलशाच्या सतरंजीवर कधी मांडी न घातलेले शहाणे ते. तुझ्या आज्याच्या नावाने यवतमाळात पुरस्कार देतात आणि फोटोत त्याला फेटा चढवतात. उकंडाने जन्मभर डोक्याला टोपी लावली नाही.

आणि तो त्यांचा 'उकंडा ठहराव'! त्याच्या कॅसेटमध्ये आहे तसं तिसऱ्या कडव्यात अर्ध्या ओळीवर थांबायचं, मग 'जी जी' म्हणत उचलायचं. त्याला वेगळे दहा गुण. पुरस्कार नेणारा तो विक्की तिथे थांबला, तर माना अशा डोलल्या की मला त्यांच्या मानेचीच काळजी वाटली. तू ओळ एका दमात नेलीस, तर माईकवरून सांगितलं, नातीला आज्याचा वारसा कळला नाही. मी पहिल्या रांगेत होतो. अंगावर शाल, मांडीवर नारळ. उकंडामागे उभं राहून झील धरणारा, त्याची ओळ मागून उचलणारा शेवटचा जिवंत माणूस म्हणून दरवर्षी मिळतात.

आता नीट ऐक. कळंबला ती कॅसेट भरली त्या दिवशी उकंडाचा घसा बसला होता. नागपूरचा कॅसेटवाला पुन्हा यायला तयार नव्हता. उकंडा म्हणाला, तू गाय बे बळीराम, मी झील धरतो, कायले घाबरतं. मी गायलो. तिसऱ्या कडव्यात माझा दम तुटला. विड्यांनी छाती पोखरली होती. मागून 'जी जी' करत उकंडानेच सावरून घेतलं. कव्हरवर त्याचं नाव आधीच छापलेलं होतं. आवाज ओळखणारे पाच-सात जण होते, तेही गेले. मग या विद्वानांनी माझ्या विडीला शास्त्र केलं आणि मी गुमान नारळ घेत राहिलो. त्यांच्यावर थुंकावं म्हटलं तर पहिली थुंकी माझ्याच तोंडावर पडते.

उकंडा त्या ओळीत कधीच थांबला नाही. तुला पाळण्यात झोका देताना तो ती एका दमात न्यायचा. तू तशीच गायलीस. त्या सभागृहात उकंडाचं गाणं तू एकटीने गायलीस, आणि ते ओळखणारा एकटा मी, विक्कीसाठी टाळ्या वाजवत होतो. साऱ्या शाली मोनालीच्या भावाच्या, प्रफुल्लच्या हाती पुरस्कार समितीकडे परत धाडल्या आहेत. हे पत्रही त्यांना दाखव. माझी लाज जाऊ दे, तू गाणं सोडू नको.

तुझाच,
दम तुटलेला बळीराम आबा