गार ठेवा, गोठवू नका

९ मे

मुलगी झाली! पण रडली नाही. नाळ मानेभोवती अडकली, मेंदूला प्राणवायू कमी पडला. मेंदू वाचवायचा तर तीन दिवस अंग गार ठेवायचं, आणि ती सोय मोठ्या हॉस्पिटलात. बायको ऑपरेशन होऊन आधीच्या दवाखान्यातच. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी, नर्सबाई आणि काचेच्या पेटीत पोरगी — नुसत्या लंगोटावर! पेटीचा हीटरही बंद. सासूबाई दुपटं घेऊन आडव्या आल्या. "जावईबापू, गारठून जाईल हो लेकरू!" म्हटलं, काळजी नको, जन्म एसी दुरुस्तीत गेलाय माझा.

तिथेच माती खाल्ली. तापमान उतरत होतं, नर्सबाई खूश. मला वाटलं, लवकर उतरलं तर बरंच! हळूच एसी फुल्ल केला. थोड्या वेळानं पेटीवरचं यंत्र बोंबलायला लागलं. अंग हवं होतं साडेतेहतीस अंशांवर, आकडा बत्तीसच्या घरात. नर्सबाईंनी आधी एसीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाऊ, बाळ गार ठेवायचंय, आइस्क्रीम नाही करायचं! हृदय थांबेल तिचं!"

माझंच थांबायची वेळ आली. एसी बंद केला आणि पुढचा सगळा रस्ता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

१० मे

पोरगी गार पाण्याच्या गादीवर. खाली पंप, थर्मोस्टॅट, सगळं ओळखीचं. वाकून बघत होतो. "लांबूनच बघा!" इथली नर्स म्हणाली. म्हणजे माझी कीर्ती आधीच पोचलीये.

बायकोचा फोन. "कशी आहे?" — "मस्त!" पहाटे झटके आले होते, ते सांगवेना.

११ मे

हलत नाही. फार भीती वाटते.

१२ मे

ऊब द्यायला सुरुवात. तीही तासाला अर्धाच अंश! सासूबाई मेहुणीला बायकोजवळ बसवून इकडे आल्यात. "एवढ्या वेळात अख्खं घर तापलं असतं," म्हणाल्या. संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले आणि असं भोकाड पसरलं! सासूबाई म्हणाल्या, "आवाज बापावर गेलाय." लग्नानंतरचं त्यांचं हे पहिलंच कौतुक. निदान मी तरी कौतुकच धरलंय.

१६ मे

मेंदूच्या फोटोत उजवीकडे छोटा डाग. डावा हात हालचालीत मागे राहील कदाचित. आत्तापासून व्यायाम द्यायचे.

टाके चिघळल्यामुळे बायको अजून तिकडेच. फोनवर आज सगळं खरं सांगितलं, झटक्यांचंसुद्धा. तिनं झटके किती आले ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुझे दोन्ही हात धड आहेत, तरी घरात कधी हललेत का? आता हलव. मी येईपर्यंत ते व्यायाम शिकून ठेव."

फोन ठेवला आणि जिन्यात बसून पोटभर रडलो.